दाराबाहेरचा बाक

“मॅडम, तुमच्या ऑफिसबाहेरचा तो बाक अजून आहे का?” दातांच्या डॉक्टराने विचारलं, आणि बाईंना उत्तर देता येईना. तोंडात त्याची दोन बोटं होती, एक आरसा होता, लाळ ओढणारी नळी होती, आणि डावा गाल भुलीमुळे केव्हाच परका झाला होता. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात बाईंची उभी हयात गेली होती. पोरांना बोलतं करायचं आणि आपण ऐकायचं, हेच काम. तेव्हा ऐकायची त्यांना सवय होती. पण ऐकताना मधूनच ‘बरं, मग?’ म्हणायचीही सवय होती, आणि आज तेवढंही म्हणता येत नव्हतं. शिवाय या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यायचं? ‘आहे’ म्हणावं तर खोटं होणार होतं, ‘नाही’ म्हणावं तर तेही अजून खरं नव्हतं. कारण तो बाक नेमका आजच निघायचा होता. सुतार येणार, बाक उचलणार, त्या जागी भिंतीतलं कपाट करणार. आणि हे सगळं बाईंच्याच हट्टापायी. वर्षानुवर्षं त्यांनी प्रत्येक बैठकीत तेच तुणतुणं वाजवलं होतं, की मदत मागायला आलेल्या पोराला भर व्हरांड्यात चारचौघांसमोर ताटकळत बसवणं बरं नव्हे. एकदा एक मुलगी अशीच बसलेली असताना तिच्या वर्गाचे सर समोरून गेले, सहज हसून ‘काय गं, तूसुद्धा?’ म्हणाले, आणि बाई दार उघडून बाहेर येईतो बाक रिकामा होता. ती मुलगी पुन्हा कधी आली नाही. तो रिकामा बाक बाईंच्या डोळ्यांत इतकी वर्षं सलत होता. आता फोनवरून वेळ ठरवायची, ठरल्या वेळी यायचं, थेट आत. निवृत्ती तोंडावर आली असताना का होईना, एक काम मनासारखं झालं म्हणून बाई सकाळपासून खुशीत होत्या. दाढ काढायची होती, तरीही.

“थोडं अजून उघडा. हं, शाब्बास,” डॉक्टर म्हणाला. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि नुसत्या डोळ्यांवरून माणूस ओळखायचा म्हणजे कठीणच. बाईंनी मनातल्या मनात शोधायला सुरुवात केली. त्यांना पोरांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत; राहिली ती त्यांची दुखणी. रस्त्यात कुणी वाकून नमस्कार केला की बाईंच्या डोक्यात नाव येत नसे, ‘घर सोडून आलेला’ येई, ‘लग्न ठरवलं म्हणून रडणारी’ येई, ‘तीनदा एकाच विषयात आपटलेला’ येई. समोर उभा असायचा चांगला मिशा राखलेला, पोट सुटलेला गृहस्थ, बायको शेजारी, मूल कडेवर. आणि बाईंना दिसायचा तो खुर्चीच्या कडेवर बसून बोटाचं नख कुरतडणारा पोरगा. मग त्या बायकोशी जरा जास्तच मायेने बोलत, आणि ती बिचारी कोड्यात पडे. ही सगळी शिकवण मोठ्या बाईंची. बाईंच्या आधी त्या खोलीत मोठ्या बाई बसत, आणि त्यांनी खोलीबरोबर खोलीचे नियमही सोपवले होते. आल्या-आल्या पाणी द्यायचं, म्हणजे हाताला काम मिळतं. खुर्ची समोर नाही, बाजूला ठेवायची, म्हणजे पोराला खिडकीतून बाहेर बघता येतं. ‘का’ विचारायचं नाही, ‘कधीपासून’ विचारायचं. बाईंनी सगळं मन लावून उचललं, आणि पाण्याचं तर इतकं उचललं की पोरांनी त्यांचं नावच ‘घोटभर मॅडम’ ठेवलं होतं. कारण रडत आलेला असो की भांडत आलेला, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आधी घोटभर पाणी पी.’ हे नाव आपल्याला माहीत आहे हे त्यांनी पोरांना कधी कळू दिलं नाही. मोठ्या बाईंनी जाता-जाता आणखी एक सांगितलं होतं. “जे दार ढकलून आत येतात ते आपले. जे येत नाहीत त्यांच्यासाठी झुरायचं नाही. नाहीतर झोप उडेल.” हे मात्र बाईंना नीट जमलं नव्हतं, तरी झोप उडालेल्या प्रत्येक वेळी त्या तेच वाक्य पांघरून पडत.

डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या, डाव्या भुवईत जुनी खोक. बाईंना एकदम लख्ख आठवलं. कॉपी. परीक्षेत कॉपी करताना धरलेला मुलगा. खोलीत आला तेव्हा भुवईवर पट्टी होती. जिन्यात पडलो म्हणाला होता. दोन तास एक शब्द बोलला नव्हता, नुसतं पाणी प्यायला, तांब्याभर पाणी प्यायला. तोच हा. आणि आता दुसऱ्यांच्या दाढा उपटतोय, किती छान झालं. बाईंचा जीव सुखावला आणि लगेच धास्तावलाही, कारण पलीकडे ट्रे घेऊन मदतनीस मुलगी उभी होती आणि हा भोळा प्राणी तिच्यादेखत आपली कॉपीची कहाणी सांगत बसेल की काय. एकदा सांगितलेलं दुसऱ्याच्या कानी जाऊ द्यायचं नाही, हाही मोठ्या बाईंचाच नियम. बाईंनी डोळे मोठे केले, मदतनीस मुलीकडे फिरवले, परत त्याच्याकडे आणले. गप्प बस, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

“दुखतंय का?” त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

“मग घाबरू नका. तुम्हाला सांगितलं नाही ना मी, मी तुमच्याच कॉलेजचा. आपल्या आवारातच दातांची शाखा होती ना, तिथे होतो. पण मी तुमच्याकडे कधी आलोच नाही, मॅडम. आत, म्हणजे. मी बाहेरच बसायचो.”

बाईंनी छताकडे बघितलं. छताला एक दिवा होता आणि दिव्यात एक मेलेला किडा. कॉपीवाला गेला, आणि त्याच्या जागी कुणीच आलं नाही. हा कुणीतरी दुसराच होता, आणि त्याचं दुखणं बाईंना ठाऊक नव्हतं. ज्याचं दुखणं ठाऊक नाही तो माणूस बाईंना आठवणार कसा?

तो बोलत राहिला, हात चालवत राहिला. दातवाले डॉक्टर असेच बोलतात, समोरून उत्तर यायचं नाही या खात्रीने. पण याच्या आवाजात तो सराईतपणा नव्हता. “पहिल्याच वर्षी. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं, त्यातले दोघं एका शाळेतले. चांगले होते हं. पण त्यांचं आपसात सगळं जुनं. मी खोलीत असलो की त्यांना एकेक गोष्ट मला समजावून सांगावी लागायची, म्हणून मी बाहेर पडायचो. लायब्ररीत बसायचं तर वाचायला लागतं. कँटीनमध्ये एकटं बसलं की सगळे बघतात. तुमच्या बाकावर बसलं की कुणी काही विचारत नसे. बघणाऱ्याला वाटायचं, याचा नंबर यायचाय. तुम्ही दार उघडून ‘पुढचा कोण?’ विचारायचात आणि मी म्हणायचो, ‘मी नंतर.’ आठवतंय?”

बाईंना आठवत नव्हतं, आणि मग हळूहळू आठवायला लागलं. बाकाच्या जिन्याकडच्या टोकाला कुणीतरी बसलेलं असायचं. निळा शर्ट, मांडीवर सॅक. हो, होता की एक. पण तो तर हिशेबनीसांचा भाचा होता. शेजारच्या खोलीतले हिशेबनीस संध्याकाळी स्कूटरवरून घरी जात, आणि त्यांचा भाचा कॉलेजात आहे असं कुणीतरी बोलल्याचं बाईंच्या कानावर होतं. तेव्हा हा पोरगा मामाची वाट बघत बसतो, मामाबरोबर घरी जातो, असं बाई धरूनच चालल्या होत्या, आणि त्याचं ‘मी नंतर’ही त्यांना गंमतच वाटे. म्हणून तर त्यांनी त्याला कधी आत ओढला नाही. नाहीतर रोज दाराबाहेर बसणारं पोर दिसल्यावर बाई गप्प बसणाऱ्यांतल्या थोड्याच होत्या? दंडाला धरून आत नेला असता, बाजूच्या खुर्चीत बसवला असता, घोटभर पाणी दिलं असतं, ‘कधीपासून?’ विचारलं असतं.

“तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काय झालं म्हणून,” तो म्हणाला. “मी रोज मनात म्हणायचो, आज विचारणार. विचारलंत तर काय सांगू? काही झालंच नव्हतं, मॅडम. तेच तर. काही झालं असतं तर आत आलो असतो. नुसतं करमत नव्हतं, आणि त्याचा का कुणी अर्ज करतं? विचारलं असतंत तर दुसऱ्या दिवशी मी आलो नसतो. आणि मग त्या वर्षी मी बहुतेक घरीच निघून गेलो असतो, सगळं सोडून. बॅग भरलेली असायची माझी. आता जरा ओढल्यासारखं वाटेल हं.”

ओढल्यासारखं वाटलं. कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाच्या तोंडात, काहीतरी करकरलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेलं, आणि मदतनीस मुलीने ते कापसाने टिपलं. दाढ काढताना सगळ्यांनाच येतं, असं तिला वाटलं असणार. “झालं, निघाली,” डॉक्टर म्हणाला, आणि मग हात पुसता-पुसता, अगदी सहज: “संध्याकाळी तुम्ही खोली बंद करायच्या वेळी बाहेर यायचात आणि मला म्हणायचात, ‘चल, कुलूप लावू?’ जसं काही मी त्या खोलीचाच. मी तुमची पर्स धरायचो आणि तुम्ही कुलूप लावायचात. काही-काही दिवशी दिवसभरात माझ्याशी सरळ कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं. तासभर बोलू नका. कापूस घट्ट दाबून धरा. आज गरम काही नको.”

बोलू नका हे त्याने सांगितलं ते बरंच केलं.  उठून उभ्या राहिल्यावर त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि खाली उतरून दवाखान्याच्या पायरीवर बसून फोनवर आपल्या ऑफिसातल्या सहाय्यक मुलीला निरोप लिहिला. ऑफिसात ही मुलगी सगळ्यांत नवी, म्हणून तिला सगळे ‘धाकटी’च म्हणत, फोनवरून वेळ ठरवायची सगळी सोय तिनेच हौसेने बसवली होती. ‘बाक हलवू नका,’ बाईंनी लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘मॅडम सकाळीच हलवला, मागे सायकलस्टँडशी ठेवलाय, उद्या भंगारवाला नेईल. बघा जागा किती मोकळी झाली.’ सोबत फोटो. व्हरांडा खरंच मोकळा दिसत होता. भिंतीला टेकून-टेकून डोक्यांचे जे तेलकट डाग पडले होते ते तेवढे राहिले होते, एका रांगेत, लहान-मोठ्या उंचीचे. बाई त्या डागांकडे बघत राहिल्या. यांतला एक त्याचा असेल.

कॉलेजकडे चालत जाताना गालाला वारा लागत नव्हता. अर्धा चेहरा जणू घरी राहिला होता. बाईंच्या मनात हिशेबनीस आणि त्यांचा भाचा घोळत होते. आपल्या हातून त्या पोराचं जे भलं झालं ते आपल्या चुकीने झालं, याचं हसावं की रडावं ते कळेना. आपण त्याला भाचा समजलो म्हणून तो वाचला. इतकी वर्षं ज्या खोलीत आपण जीव ओतला, खुर्ची कुठे ठेवायची याचा काथ्याकूट केला, त्या खोलीच्या भिंतीपलीकडे आपल्या नकळत कुणीतरी बरं होत होतं; आणि आतलं त्याला ऐकू येत असेल ते काय, तर पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आणि आपलं हसणं. आणि आपण तो बाकच काढायला निघालो. ती उठून गेलेली मुलगी खरी होती, तिचं उठून जाणंही खरं होतं. पण बसून राहिलेले किती, हे आपण कधी मोजलंच नाही. ते मोजायचे तरी कसे, ते तर कुणाच्या तरी भाच्यासारखे दिसत होते.

आणि मग, अगदी सिग्नलपाशी, त्यांना त्यांची लेक आठवली. लेक शाळेत होती तेव्हा संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर बसायची. काही न बोलता, पाय हलवत. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकून आलेल्या बाई हातातलं लाटणं बाजूला ठेवून वळायच्या, अचूक तेवढंच थांबायच्या, आणि अचूक त्या आवाजात विचारायच्या, “काय झालं? कधीपासून?” लेक म्हणायची, “काही नाही गं,” आणि उठून जायची. एकदा चिडून म्हणाली होती, “आई, मला नुसतं बसायचंय. तुझ्याकडे आलं की काहीतरी झालेलंच लागतं का?” बाईंना ते लागलं होतं, पण पटलं नव्हतं. आता लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी फोन करायची, तो स्पीकरवर टाकायची आणि आपली भाजी चिरत राहायची. पलीकडून नुसती सुरी ऐकू यायची. “अगं, बोल की काहीतरी,” बाई म्हणायच्या. “असंच गं,” लेक म्हणायची. “तू तुझं काम कर ना.” सिग्नल सुटला, माणसं रस्ता ओलांडून गेली, आणि बाई एकट्याच या काठाला उभ्या राहिल्या. लेकीने घरभर हुडकून-हुडकून, शेवटी फोनमध्ये का होईना, आपल्या दाराबाहेर एक बाक शोधून काढला होता. आणि आपण दर वेळी दार उघडून ‘पुढचा कोण?’ विचारत होतो. पोरीचं कौतुक वाटलं. तिने चिकाटी सोडली नव्हती.

सायकलस्टँड कॉलेजच्या पाठीमागे. तिथे जायची बाईंवर कधी वेळ आली नव्हती. मोडक्या सायकली, गंजलेला नळ, आणि भिंतीला लावून ठेवलेला बाक. आणि बाकाच्या एका टोकाला, मांडीवर पुस्तक उघडून, एक मुलगी. बाईंची सराईत नजर तिच्यावर पडलीच. पुस्तकाचं पान उलटत नाहीये. केस दोन दिवस विंचरलेले नाहीत. चपलेचा अंगठा तुटलाय आणि पिनेने जोडलाय. ‘कधीपासून?’ घशापर्यंत आलं आणि बधिर जिभेपाशी थांबलं. बाई दुसऱ्या टोकाला बसल्या.

 बाकाची एक फळी मधोमध जरा खचलेली होती, हे बाईंना इतक्या वर्षांत आज कळलं. दाराच्या आत बसणाऱ्याला ते कळायचं कारण नव्हतं. टोकाला बसलं की मात्र तो अगदी आरामशीर होता. नळ ठिबकत होता. गालात मुंग्या यायला लागल्या होत्या, म्हणजे भूल उतरत होती. बाईंना गंमत वाटली, की आपण काहीच करत नाही आहोत आणि कुणी आपल्याला त्याचा जाबही विचारत नाहीये.

“तुम्ही कुणाची वाट बघताय का?” मुलीने शेवटी विचारलं. बहुधा तिला यांची काळजी वाटली असावी. सुजलेला गाल, तोंडात कापूस.

“नाही,” बाई वाकड्या तोंडाने म्हणाल्या. “अशीच.”

मुलीने मान डोलावली, जणू हे कारण तिला पुरेसं होतं, आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागली. थोड्या वेळाने तिने एक पान उलटलंही.

ऊन बाकावरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा बाई उठल्या. ऑफिसच्या शिपायाला हाक मारावी असं एकदा मनात आलं. मग त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, “जरा त्या टोकाला धरशील? हा पुढे व्हरांड्यात न्यायचाय.” मुलीने पुस्तक काखेत मारलं आणि धरलं. बाक दिसत होता त्यापेक्षा पुष्कळच जड निघाला. दोनदा टेकवावा लागला, एकदा तर वळणावर भिंतीत अडकला आणि मुलगी म्हणाली, “तुम्ही मागे व्हा, मी ओढते,” आणि बाई मुकाट्याने मागे झाल्या. व्हरांड्यात धाकटी कमरेवर हात ठेवून उभीच होती. “मॅडम, अहो हे काय? सुतार मापं घेऊन गेलाय. आणि ती वेळ ठरवायची सोय?”

“ती राहू दे,” बाई म्हणाल्या. “ती चांगलीच आहे. ज्याला आत यायचंय त्याने वेळ ठरवावी. कपाट दुसऱ्या भिंतीला करू.”

“मग या बाकावर कोण बसणार?”

बाईंनी बाक भिंतीकडे ढकलला. तिला हे सांगून समजणार नव्हतं. आपल्याला तरी कुठे समजलं होतं. बाक त्या डागांच्या रांगेखाली बरोबर बसवला, आणि आत जाऊन आपल्या कामाला लागल्या. दार नेहमीसारखं लोटून घेतलं. ठरलेल्या वेळी एक मुलगा आला, तो पाणी प्यायला, भांडला, रडला, गेला. त्याला पोचवायला बाई दारापर्यंत आल्या तेव्हा जिन्याकडच्या टोकाला तुटकी चप्पल दिसली, वर मांडीवर पुस्तक. बाईंनी ‘पुढचा कोण?’ विचारलं नाही. जे दार ढकलून आत येत नाहीत त्यांच्याबद्दल मोठ्या बाईंना एकदा भेटून सांगायला हवं होतं, पण मोठ्या बाई आता कुठे भेटणार?

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सुट्टी नसताना. बाईंनी “काय झालं?” विचारलं नाही. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला आणि कागद आवरत राहिल्या. पलीकडून सुरी चालू होती, इकडून खण उघडत-मिटत होते. मध्येच सुरी थांबली. “आई, आहेस ना?” लेक म्हणाली. “आहे,” बाई म्हणाल्या, आणि सुरी पुन्हा चालू झाली. मग दिवा मालवून, फोन तसाच पर्सच्या तोंडाशी ठेवून, बाई बाहेर आल्या.

“चल, कुलूप लावू?”

मुलगी उठली. बाईंनी पर्स पुढे केली, तिने ती धरली. पर्समधून सुरीचा आवाज येत होता, तरी तिने काही विचारलं नाही. कुलूप जुनं होतं, जरा झटकून ओढावं लागे. ते लागल्यावर मुलीने पर्स परत दिली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

“हा बाक उद्या असेल ना इथे?”

गाल आता ठणकत होता, म्हणजे जीभ पूर्ण जागी झाली होती, आणि विचारायचे सगळे प्रश्न तिच्यावर हात जोडून उभे होते.

“असेल,” बाई म्हणाल्या.